ओढलेली हवा जाते कुठे?

आमचे इंदूर स्वच्छ आहे, हे आता आम्ही सांगावयास नको. २०१७ साली देशातील शहरांच्या स्वच्छतेची जी पाहणी झाली तीत इंदूरचा पहिला क्रमांक आला, आणि पुढेही अनेक वर्षे तो मान इंदुराकडेच राहिला. सकाळी कचऱ्याची गाडी गाणे वाजवीत दारात येते, ओला कचरा निराळा आणि सुका निराळा नेते, आणि त्यात गफलत झाली तर गाडीवरचा मुलगा आमच्यासारख्या पिकल्या केसांच्या माणसालाही दोन शब्द सुनावावयास कमी करीत नाही. पुण्या-मुंबईचे पाहुणे आले म्हणजे आम्ही त्यांना रात्री सराफ्यात खाऊ घालतो आणि दुसऱ्या दिवशी पहाटे मुद्दाम त्याच रस्त्याने नेऊन तो कसा लख्ख झाडलेला आहे हे दाखवितो. पाहुणे तोंड भरून कौतुक करतात. मात्र हे कौतुक ते आमच्या मोटारीत बसून करीत असतात, आणि तेव्हा त्यांच्या पायाखाली काय काय पडलेले असते याचा विचार आम्ही कधी केला नव्हता.

आमची मोटार लहान, आठ वर्षे वापरलेली आणि कापडी बैठकींची आहे. बाहेरून आम्ही ती रोज पुसतो. आतून मात्र महिन्यातून एकदा खराटा फिरविला की आमचे समाधान होत असे. त्या खराट्याला चुकवून बैठकींच्या फटींत जे साठले होते त्याची यादी करावयाची तर तो आमच्या कुटुंबाचा संक्षिप्त इतिहासच होईल. शेवेचे तुकडे, पोह्यांतली बडीशेप, कोणाच्या तरी लग्नातल्या अक्षता, नातवाच्या बुटांतून आलेली क्रीडांगणाची वाळू आणि या सर्वांवर माळव्याच्या काळ्या मातीचे पीठ. ही माती पावसाळ्यात पायांना सोडीत नाही आणि उन्हाळ्यात भुकटी होऊन काचा बंद असल्या तरी आत येते. आम्हांला तिची सवय होती. आमच्या सौभाग्यवतींच्या छातीला मात्र ती सवय झाली नाही.

सौ.ना दम्याचा त्रास गेली बारा-तेरा वर्षे आहे. औषधाचा पंप त्यांच्या पर्समध्ये किल्ल्यांच्या जुडग्याशेजारी असतो, आणि एरवी त्या या दुखण्याचा फारसा बाऊ करीत नाहीत. त्यांचे माहेर धारचे. थोरले बंधू, ज्यांना आम्ही सारे दादा म्हणतो, तेथेच जुन्या घरात असतात. दादांना ८० वे वर्ष लागले आहे. पडल्यापासून त्यांचे चालणे काठीपुरते आणि अंगणापुरते राहिले आहे. इंदुराहून धार सुमारे ६० किलोमीटर. दर पंधरा दिवसांनी रविवारी आम्ही उभयता मोटारीने तेथे जावयाचे, दुपारचे जेवण दादांबरोबर करावयाचे आणि दिवेलागणीपर्यंत परतावयाचे, असा आमचा नेम होता. त्या भेटीसाठी दादा शनिवारपासूनच दाढी करून बसतात, असे त्यांच्या सूनबाई सांगतात.

गेल्या वर्षी रंगपंचमीला आमचा नातू आपल्या चार मित्रांना घेऊन राजवाड्याकडे गेर पाहावयास गेला. ज्यांनी इंदूरची गेर पाहिली आहे त्यांना पुढचे सांगावयास नको. परतताना ती मंडळी आमच्या मोटारीतून आली. मुले घरी येऊन न्हाली, मोटार मात्र तशीच राहिली. बैठका, पायपुसणी, छताचे अस्तर सगळीकडे गुलाल! आम्ही खराटा फिरविला, ओले फडके फिरविले, गुलाबी चिखल केला आणि तो वाळल्यावर काम झाले असे मानले. पुढच्या रविवारी धारला निघालो. बेटम्याच्या अलीकडेच सौ. खोकू लागल्या. काच उघडली तर बाहेरची धूळ आत आली आणि आतली उधळली. पंप घेऊनही श्वास बसेना. आम्ही मोटार वळविली. त्या दिवशी दादांना दूरध्वनीवर काय कारण सांगावे हे सुचले नाही, म्हणून गाडी बिघडली असे सांगितले. ते अगदीच खोटे होते असे आता आम्हांला वाटत नाही.

डॉक्टरांनी तपासले, औषध बदलले आणि विचारले, "मोटारीच्या बैठका कापडी आहेत का?" कापडात धूळ मुरते, त्या धुळीत डोळ्यांना न दिसणारे कीटक वाढतात, आपल्या त्वचेचे झडलेले कण हेच त्यांचे अन्न, आणि त्या कीटकांपेक्षाही त्यांच्या विष्ठेचे बारीक कण दमेकऱ्याला अधिक बाधतात, हे त्यांनी समजावून सांगितले. "झटकू नका, झाडू नका, ओढून घ्या," असे म्हणून त्यांनी आमची रवानगी व्हॅक्यूम क्लीनरच्या शोधार्थ केली.

येथे आम्हांला एक कबुली दिली पाहिजे. आम्ही ३४ वर्षे शाळेत पदार्थविज्ञान शिकविले. दाब म्हणजे काय, प्रवाह म्हणजे काय, हे इंदुरातल्या काही हजार मुलांच्या डोक्यात आम्ही भरले. आणि तरीही महाराणी रोडवरच्या एका दुकानात शिरल्यावर ज्या खोक्यावर सर्वांत मोठा आकडा छापला होता त्याच्याकडेच आमचा हात गेला. "बाबूजी, इससे बडा नंबर पूरे बाजार में नहीं मिलेगा," असे दुकानदार म्हणाला आणि आम्ही मान डोलाविली. सौ. शेजारी उभ्या होत्या. त्यांनी ते यंत्र हातात घेतले, उलटसुलट करून पाहिले आणि पाठीमागच्या जाळीवर बोट ठेवून विचारले, "अहो, ही ओढलेली हवा जाते कुठे?"

प्रश्न सरळ होता. आम्ही हसलो. "जाईल कोठे? मागून बाहेर जाते," असे म्हणून आम्ही पैसे मोजले.

त्याच संध्याकाळी यंत्राची नळी मोटारीतल्या शेजारच्या बैठकीत खुपसली. आवाज तर असा झाला की गल्लीतली कुत्री उठून गेली. शेवेचे चार तुकडे खडखडत आत गेले आणि आमची छाती अभिमानाने फुगली. कसे चालले आहे हे पाहावयास सौ. दाराशी आल्या आणि आत वाकल्या. तेवढ्यात नातू ओरडला, "आजोबा, मागे बघा!" यंत्राच्या पाठीतल्या जाळीतून गुलाबी धुराचा लोट निघत होता. बैठकीत मुरून बसलेला गुलाल पुढून ओढला जात होता आणि होता त्याहून बारीक होऊन मागून हवेत फेकला जात होता. गुलाल होता म्हणून तो आम्हांला दिसला. नुसती धूळ असती तर आम्ही मोटार स्वच्छ केल्याच्या समाधानात राहिलो असतो.

ती रात्र सौ.नी उशीवर पाठ टेकून बसून काढली. आम्ही शेजारी बसलो होतो. पहाटे श्वास जरा सुधारल्यावर त्या इतकेच म्हणाल्या, "मी विचारलं होतं ना?" त्यात राग नव्हता, म्हणून ते अधिक लागले.

मास्तरांना शिक्षा म्हणजे वाचन. आम्ही या यंत्राचा पूर्वेतिहास शोधावयास बसलो, तेव्हा सौ.चा प्रश्न या यंत्राच्या जन्माइतकाच जुना असल्याचे कळले. १९०१ साली लंडनमध्ये ह्यूबर्ट सेसिल बूथ नावाच्या अभियंत्याने धूळ फुंकून उडविणाऱ्या एका यंत्राचे प्रात्यक्षिक पाहिले. उडालेली धूळ पुन्हा खालीच बसणार, तर फुंकण्याऐवजी ओढून का घेऊ नये, असे त्याच्या मनात आले. पुढे एका उपाहारगृहात मखमली खुर्चीवर रुमाल ठेवून त्याने तोंडाने जोराने हवा ओढून पाहिली. तो गुदमरला, पण रुमालाच्या खालच्या बाजूस धुळीचा डाग उमटला होता. कापडातून हवा जाते आणि धूळ अडते, एवढेच त्याला पाहावयाचे होते. त्याचे पहिले यंत्र घोड्यांनी ओढावे लागे. ते रस्त्यात उभे करून त्याच्या लांब नळ्या खिडक्यांतून घरात सोडीत. १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकाच्या वेळी वेस्टमिन्स्टर ॲबीतील गालिचे त्याच यंत्राने साफ झाले.

परंतु आम्हांला जवळचा वाटला तो दुसरा गृहस्थ. अमेरिकेत ओहायो राज्यातील कँटन गावी जेम्स मरे स्पँग्लर नावाचा मनुष्य एका दुकानात झाडलोटीचे काम करीत असे. त्याला दमा होता, आणि गालिचे झाडताना उडणाऱ्या धुळीने तो हैराण होई. १९०७ साली त्याने पंख्याची विजेची मोटर, झाडूचा दांडा आणि उशीचा अभ्रा एकत्र जुळवून हातात धरून चालविता येईल असे यंत्र तयार केले. १९०८ साली त्याला त्याचे पेटंट मिळाले, आणि ते हक्क घेऊन हूव्हर या उद्योजकाने मोठा कारखाना उभारला. त्या यंत्रात दमेकऱ्याच्या दृष्टीने महत्त्वाचा भाग मोटर नसून उशीचा अभ्रा होता, हे आम्हांला पंप शेजारी ठेवून झोपलेल्या आपल्या माणसाकडे पाहताना उमगले.

मग आम्ही कागद-पेन्सिल घेऊन बसलो. जे विद्यार्थ्यांना शिकविले ते स्वतःला शिकविले. वाचकांपैकी कोणी अशा खरेदीस निघणार असेल तर त्यांच्या उपयोगी पडेल म्हणून ते येथे मांडतो.

खोक्यावरचा मोठा आकडा बहुधा पास्कलमध्ये असतो. समजा, तो १२,००० आहे. म्हणजे वातावरणाच्या दाबाचा जवळजवळ आठवा हिस्सा, किंवा नळीतून पाणी सुमारे चार फूट वर चढविण्याइतकी ओढ. हे ऐकावयास मोठे वाटते. पण ही ओढ यंत्राचे तोंड पूर्ण बंद करून मोजलेली असते, आणि तोंड बंद असताना हवा वाहतच नाही. सरबताच्या नळीचे टोक बोटाने दाबून कितीही जोर लावला तरी सरबत तोंडात येत नाही, तसेच हे. धूळ उचलून नेते ती वाहती हवा. म्हणून ओढ आणि प्रवाह या दोहोंचा गुणाकार पाहावयाचा असतो. त्याला एअर वॅट म्हणतात. तो छापलेला असेल तर त्याकडे पाहावे. छापलेला नसेल तर नुसत्या पास्कलवर भाळू नये.

दुसरा हिशेब शक्तीचा. मोटारीच्या १२ व्होल्टच्या खोबणीत वायर घालून चालणारे यंत्र घ्यावयाचे तर त्या खोबणीचा फ्यूज बहुधा १० ते १५ अँपिअरचा असतो. १२ गुणिले १० म्हणजे १२० वॅट, १५ धरले तर १८०. त्याहून अधिक वीज तेथून घेऊ गेल्यास फ्यूज जाईल. तेव्हा अशा यंत्राकडून घरातल्या हजार वॅटच्या यंत्राची अपेक्षा करू नये. मात्र ते दमत नाही, हा त्याचा गुण आहे. फक्त वायर मागच्या सामानाच्या कप्प्यापर्यंत पोहोचते ना, हे पाहून घ्यावे. आणि बॅटरी उतरू नये म्हणून इंजिन चालू ठेवावयाचे असेल तर मोटार उघड्यावर आणावी. बंद जागेत इंजिन चालू ठेवणे प्राणावर बेतू शकते.

बिनवायरीचे यंत्र सोयीचे, पण त्याचा श्वास आखूड. ७.४ व्होल्ट आणि २ अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे १४.८ वॅट-तास. १२० वॅटच्या मोटरला ती साडेसात मिनिटेही पुरणार नाही. खोक्यावर 'अर्धा तास' लिहिलेले असेल तर तो सर्वांत मंद गतीवरचा असतो. पूर्ण गतीवर किती मिनिटे, हे स्पष्ट विचारावे. शिवाय असे यंत्र मोटारीतच टाकून ठेवू नये. वैशाखाच्या उन्हात उभ्या मोटारीचे पोट भट्टीसारखे तापते आणि लिथियमच्या बॅटरीला ते सोसत नाही.

आणि तिसरा प्रश्न सौ.चा: ओढलेली हवा जाते कुठे? तिचे उत्तर गाळणीत आहे. साधी जाळी शेव अडविते, गुलाल अडवीत नाही. हेपा नावाची जी गाळणी असते ती खरी असेल तर ०.३ मायक्रॉन आकाराचे ९९.९७ टक्के कण अडविते. मनुष्याचा केस साधारण ७० मायक्रॉन जाडीचा, यावरून कल्पना यावी. पण नुसते नाव पुरेसे नाही. 'हेपासारखी' असे लिहिलेली गाळणी निराळी आणि हेपा निराळी. शिवाय गाळणी उत्तम असून तिच्या कडेची रबरी पट्टी सैल असेल तर हवा आडवाटेने निसटते, आणि निसटणाऱ्या हवेबरोबर धूळही निसटते.

ही सामग्री घेऊन आम्ही पुन्हा महाराणी रोडवर गेलो. या वेळी दुसऱ्या दुकानात. खिशात दोन पुड्या होत्या, एकीत शेव आणि दुसरीत मैदा. जुन्या कापडाचा एक तुकडाही होता. सौ.ना आम्ही घरीच ठेवले होते. दुकानदार तरुण होता. पुड्या पाहून तो प्रथम चकित झाला, मग त्याला गंमत वाटू लागली. कापडावर मैदा चोळून यंत्र त्यावरून फिरविले आणि पाठीमागच्या जाळीसमोर काळा कागद धरून त्यावर विजेरीचा झोत टाकला. पहिल्या यंत्राने काळ्या कागदावर पांढरी रांगोळी काढली. दुसऱ्यानेही थोडीफार काढली. तिसऱ्यापाशी कागद काळाच राहिला. ते यंत्र बिनवायरीचे होते, पूर्ण गतीवर बारा मिनिटे चालणारे, आणि त्याचा पास्कलचा आकडा आमच्या घरी पडलेल्या यंत्रापेक्षा कमी होता. किंमत मात्र जवळजवळ तिप्पट. पैसे देताना हात किंचित अडखळला, हे लपवीत नाही. पण त्या रात्रीची आठवण झाली आणि अडखळणे थांबले.

आता शनिवारी सकाळचे दोन तास आमचे. मोटार गल्लीच्या टोकाला, घरापासून दूर नेतो आणि चारही दारे उघडतो. नाकाला पट्टी बांधतो. पायपुसणी काढून तेथेच साफ करतो. मग वरून खाली यावयाचे, असा क्रम आहे, कारण वरची धूळ खाली येते, खालची वर जात नाही. आधी पुढची फळी, मग बैठका, शेवटी तळ. बैठकींना ब्रशाचे तोंड, फटींना चपटे निमुळते तोंड. बैठक एकदा पूर्ण पुढे आणि एकदा पूर्ण मागे सरकविली की तिच्या खाली किती संसार आहे ते कळते. बारा मिनिटांत सगळे होत नाही, म्हणून अर्धे एका शनिवारी आणि अर्धे दुसऱ्या शनिवारी. पेला रिकामा करताना तो पिशवीत घालूनच उघडतो आणि पिशवीचे तोंड लगेच बांधतो. गाळणी पुस्तिकेत लिहिल्याप्रमाणे धुतो आणि पूर्ण एक दिवस सावलीत वाळविल्यावाचून बसवीत नाही. ओली गाळणी बसविली तर बुरशी येते आणि दमेकऱ्याच्या वाट्याला एक नवा शत्रू. काम संपल्यावर दारे अर्धा तास उघडी राहतात आणि तोवर सौ.ना मोटारीजवळ फिरकू देत नाही. मोटारीतली हवा गाळणारी जी निराळी गाळणी असते, तीही बदलून घेतली. आठ वर्षांत ती कोणी पाहिलीच नव्हती. तिचा रंग येथे सांगत नाही.

यंत्राने दमा बरा होत नाही. पंप पर्समध्येच आहे आणि डॉक्टरांची औषधे चालू आहेत. पण चैत्र संपता संपता आम्ही पुन्हा धारच्या वाटेला लागलो. सौ.नी डब्यात आंब्याची डाळ घेतली होती आणि बाटलीत पन्हे. बेटमा आले तेव्हा आम्ही दोघेही बोलत नव्हतो. बेटमा गेले. घाटाबिल्लोद गेले. तेव्हा त्या म्हणाल्या, "काच थोडी वर करा, ऊन येतंय." आम्ही काच वर केली.

दादा दाढी करून ओसरीवर बसले होते. जेवणे झाल्यावर ते म्हणाले, "जावईबापू, गाडी दुरुस्त झाली म्हणायची! मग मला कालिकेच्या दर्शनाला नेता का? वर्ष झालं, फाटकाबाहेर पडलो नाही." त्यांना दोघांनी धरून मागच्या बैठकीवर बसविले. सौ. त्यांच्या शेजारी बसल्या. दर्शन लांबूनच झाले, परतताना दादांना शेव हवीशी वाटली. कोपऱ्यावरच्या दुकानातून आम्ही पुडी आणून दिली. त्यांचा हात आता कापतो. प्रत्येक घासातली निम्मी शेव धोतरावर, निम्म्याची निम्मी बैठकीवर आणि उरलेली फटीत जात होती. आम्हांला ते समोरच्या आरशात दिसत होते. सौ.नी आरशातून आमच्याकडे पाहिले, पुडी हातात घेतली आणि आणखी थोडी शेव दादांच्या ओंजळीत घातली.